सॅमन विकत घेण्यापूर्वी: वाइल्ड, मत्स्यशेतीतला आणि धुरी दिलेला

सॅमन पहिल्यांदा विकत घेणाऱ्याला बहुधा एकच प्रश्न ठाऊक असतो: वाइल्ड घ्यावा की मत्स्यशेतीतला? प्रश्न रास्त आहे, पण तो पहिला नव्हे. त्याआधी मासा कोणत्या जातीचा आहे हे पाहावे लागते, आणि त्यानंतर पाण्याबाहेर आल्यापासून आपल्या हातात पडेपर्यंत त्याचे काय काय झाले हे विचारावे लागते. मी स्वतः हा क्रम उलटा धरून बरीच वर्षे खरेदी केली. ‘वाइल्ड’ हा शब्द दिसला की डोळे झाकून जास्त पैसे मोजत असे, आणि त्यातले कितीतरी मासे घरी येऊन चोथ्यासारखे कोरडे शिजत. दोष माशाचा नव्हता. पिंक सॅमनची पातळ तुकडी आणून मी तिला जाड, चरबीदार अटलांटिक सॅमनइतका वेळ तव्यावर ठेवत होतो, इतकेच.

पहिली पायरी: जात पाहा

सॅमन हे एकाच माशाचे नाव नाही. अटलांटिक महासागरात सॅमनची एकच जात आहे, तिला अटलांटिक सॅमन म्हणतात. प्रशांत महासागराच्या उत्तर भागात मात्र बाजाराच्या दृष्टीने महत्त्वाच्या पाच जाती आहेत: किंग ऊर्फ चिनूक, सॉकाय, कोहो, पिंक आणि चम. आशियाच्या किनाऱ्यालगत मासू नावाची आणखी एक जात आढळते, पण ती दूरच्या बाजारांत क्वचितच पोहोचते. या सगळ्या माशांचा जन्म नदीच्या गोड्या पाण्यात होतो, वाढ समुद्रात होते आणि अंडी घालण्यासाठी ते पुन्हा नदीत परततात. प्रशांत महासागरातल्या या पाचही जाती अंडी घातल्यावर मरतात. अटलांटिक सॅमनपैकी काही मासे मात्र जगतात आणि पुन्हा समुद्रात जातात.

हा जीवनक्रम खरेदीशी थेट जोडलेला आहे. नदीत शिरल्यावर सॅमन खाणे जवळजवळ थांबवतो आणि अंगात साठवलेल्या चरबीवर उलट्या प्रवाहात प्रवास करतो. ज्याची नदी लांब आणि थंड, त्याला चरबीचा साठा मोठा लागतो, म्हणून नदीच्या मुखाशी, प्रवास सुरू होण्याआधी पकडलेला मासा सर्वांत रसाळ असतो. अंडी घालण्याची वेळ जवळ आली की तोच मासा अंगावरची रुपेरी झाक गमावतो, कातडी काळपट किंवा लालसर होते आणि मांस फिकट व मऊ पडते. कातडीसकट तुकडी मिळत असेल तर ती उलटून पाहावी. चकचकीत चांदीसारखी कातडी हे समुद्रातून थेट आलेल्या माशाचे लक्षण आहे.

किंग सर्वांत मोठा आणि सर्वांत चरबीदार असतो. पन्नास किलोंच्या पुढचे किंग पकडल्याच्या नोंदी आहेत. त्याचे मांस लोण्यासारखे मऊ असते. काही किंग मासे जन्मतःच अन्नातले रंगद्रव्य स्नायूंत साठवू शकत नाहीत, त्यामुळे त्यांचे मांस पांढरे राहते. तो रोग नव्हे की शिळेपणा नव्हे; अशा माशाला उलट ‘आयव्हरी किंग’ म्हणून वेगळी मागणी असते. सॉकायचे मांस गडद तांबडे, घट्ट आणि चवीला ठसठशीत असते, कारण तो समुद्रात मुख्यतः सूक्ष्म प्राणी आणि कोळंबीसारखे बारीक जीव खातो. कोहो या दोघांच्या मधला, सौम्य चवीचा. पिंक लहान, पातळ आणि दोनच वर्षांत आयुष्य पुरे करणारा असतो. त्याचा मोठा हिस्सा डबाबंद होतो. चममध्ये चरबी कमी असते, पण त्याची गाबोळी टपोरी आणि नारिंगी असते, म्हणून कित्येकदा मांसापेक्षा गाबोळीचाच भाव जास्त येतो.

या जातींच्या चरबीतला फरक आकड्यांत पाहिला तर स्वयंपाकातली निम्मी गडबड तिथेच उलगडते. शंभर ग्रॅम कच्च्या मांसात मत्स्यशेतीतल्या अटलांटिक सॅमनमध्ये साधारण 13 ग्रॅम चरबी असते, किंगमध्ये 10 च्या आसपास, आणि सॉकाय व पिंकमध्ये 5 किंवा त्याहून थोडी कमी. पहिल्या माशाला आचेवर दोन मिनिटे जास्त झाली तरी तो सांभाळून घेतो. शेवटचे दोन अजिबात घेत नाहीत.

दुसरी पायरी: वाढ कुठे झाली ते समजून घ्या

‘वाइल्ड’ म्हणजे नदी आणि समुद्रात मोकळा वाढून जाळ्याने किंवा गळाने पकडलेला मासा. ‘फार्म्ड’ म्हणजे मत्स्यशेतीत वाढवलेला. मत्स्यशेतीत पिल्लांना साधारण वर्षभर गोड्या पाण्याच्या टाक्यांत वाढवतात आणि नंतर समुद्रातल्या जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यांत सोडतात. तिथे पुढची एक ते दोन वर्षे त्यांना गोळीखाद्य दिले जाते आणि मासा चार-सहा किलोंचा झाला की काढतात. नॉर्वेतल्या हित्रा बेटावर 1970 च्या सुमारास हा धंदा व्यापारी स्वरूपात उभा राहिला. आज उत्पादनात नॉर्वे पहिला आणि चिली दुसरा आहे. स्कॉटलंड, फॅरो बेटे, कॅनडा, आइसलँड आणि टास्मानिया ही त्यापुढची नावे.

नवख्याला इथे एक सोपा ठोकताळा उपयोगी पडतो. दुकानात ‘अटलांटिक सॅमन’ दिसला तर तो मत्स्यशेतीतला आहे असेच धरावे. मोकळ्या अटलांटिक सॅमनची संख्या इतकी रोडावली आहे की त्याची व्यापारी मासेमारी जवळजवळ उरलेली नाही, आणि अमेरिकेत तर तिला बंदी आहे. सॉकाय, पिंक किंवा चम असे नाव असेल तर मासा व्यवहारात वाइल्डच असतो, कारण या जाती पिंजऱ्यात वाढवून विकणे फारसे कोणी करत नाही. कोहो आणि किंग यांच्याबाबतीत मात्र विचारावेच लागते: चिलीत कोहोची आणि न्यूझीलंडमध्ये किंगची मोठी शेती आहे. म्हणून नुसते ‘पॅसिफिक सॅमन’ हे शब्द काहीच सिद्ध करत नाहीत. याउलट ‘अलास्का’ हा शब्द बरेच काही सांगतो, कारण त्या राज्यात 1990 पासून माशांची पिंजऱ्यातली शेती कायद्यानेच बंद आहे. तिथल्या काही माशांची अंडी मात्र उबवणी केंद्रांत उबवलेली असतात. पिल्ले लहान असतानाच समुद्रात सोडली जातात आणि पुढे मोकळी वाढतात. त्यांनाही कायद्याने वाइल्डच म्हटले जाते.

आता रंगाविषयी, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत. सॅमनचा तांबूस-नारिंगी रंग ॲस्टॅक्झँथिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. मोकळ्या माशाला ते बारीक कवचधारी जीवांमधून मिळते आणि शेतीतल्या माशाला खाद्यातून दिले जाते. ते कारखान्यात बनवलेले असते किंवा यीस्ट वा शेवाळापासून काढलेले असते. ते दिले नाही तर मांस फिकट करडे राहील. मासे वाढवणाऱ्यांकडे रंगांच्या पट्ट्यांचा एक पंखा असतो, त्यावर 20 ते 34 असे क्रमांक छापलेले असतात, आणि ग्राहकाला कोणता रंग हवा त्यानुसार खाद्याचे प्रमाण ठरवता येते. मला हा पंखा फसवणुकीचा वाटत नाही, पण त्यामुळे एक गोष्ट स्पष्ट होते: शेतीतल्या माशाच्या रंगावरून त्याचा दर्जा ठरवू नये, कारण तो रंग आपल्याला आवडावा म्हणूनच निवडलेला असतो. अमेरिकेत अशा माशावर ‘कलर ॲडेड’ असे लिहावे लागते. ते वाचून कोणी तरी वरून रंग फासला असे समजू नये.

पोषणाबाबत टोकाची मते ऐकू येतात, पण फरक तितका मोठा नाही. शेतीतल्या माशात एकूण चरबी आणि उष्मांक जास्त असतात, आणि चरबी जास्त असल्यामुळे ओमेगा-3 आम्लेही भरपूर मिळतात. पूर्वी खाद्यात माशांचे तेल आणि माशांची भुकटी यांचे प्रमाण खूप होते. आता त्याची जागा बऱ्याच अंशी सोया आणि वनस्पती तेलांनी घेतली आहे, त्यामुळे ओमेगा-3 चे प्रमाण खाद्यानुसार बदलते. प्रथिने दोन्हीकडे चांगलीच.

पर्यावरणाचा हिशेब मात्र खरोखर गुंतागुंतीचा आहे आणि तो एका शब्दात मिटवू नये. दाटीने ठेवलेल्या माशांवर सी लाइस नावाचे परजीवी वाढतात आणि ते जवळून जाणाऱ्या मोकळ्या पिल्लांनाही चिकटतात. पिंजरे फुटून मासे निसटतात. 2017 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या सायप्रस बेटाजवळ असा एक पिंजरा कोसळला, आणि पुढच्याच वर्षी त्या राज्याने अटलांटिक सॅमनची पिंजरेशेती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला. प्रतिजैविकांच्या बाबतीत देशादेशांत मोठी तफावत आहे: नॉर्वेने लसी आणून त्यांचा वापर अगदी नगण्य केला, तर चिलीत तो अजूनही बराच जास्त आहे. पण म्हणून वाइल्ड मासा आपोआप निर्दोष ठरत नाही. कॅलिफोर्नियात किंग सॅमन इतका घटला की 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी तिथली सागरी सॅमन मासेमारी बंद ठेवावी लागली. अलास्कातल्या ब्रिस्टल बेमध्ये मात्र जगातला सॉकायचा सर्वांत मोठा थवा दरवर्षी येतो आणि तिथे किती मासे नदीत वर जाऊ द्यायचे हे मोजून मगच मासेमारी केली जाते. म्हणजे प्रश्न ‘वाइल्ड की शेतीतला’ एवढाच नसून ‘कोणत्या पाण्यातला’ असाही आहे.

तिसरी पायरी: लेबल वाचा, आणि जे छापलेले नाही ते विचारा

युरोपीय संघात माशाच्या लेबलवर व्यापारी नाव, शास्त्रीय नाव, उत्पादनाची पद्धत, पकडल्याचे क्षेत्र आणि मासा आधी गोठवलेला होता का, हे देणे बंधनकारक आहे. अमेरिकेत किरकोळ दुकानांत मूळ देश आणि वाइल्ड की फार्म्ड हे सांगावे लागते. शास्त्रीय नाव दिसले तर काम सोपे होते: साल्मो सालार म्हणजे अटलांटिक सॅमन, आणि ऑन्कोऱ्हिंकस या शब्दाने सुरू होणारी नावे प्रशांत महासागरातल्या जातींची. एक अपवाद ध्यानात ठेवावा. ऑन्कोऱ्हिंकस मायकिस म्हणजे रेनबो ट्राउट; समुद्रात वाढवलेला मोठा ट्राउट दिसायला सॅमनसारखाच असतो आणि खायला उत्तम असतो, फक्त तो सॅमनच्या नावाने विकला जाऊ नये.

मानकांच्या शिक्क्यांपैकी एमएससीचा (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल) निळा शिक्का मोकळ्या पाण्यातल्या मासेमारीसाठी असतो आणि एएससीचा (ॲक्वाकल्चर स्टुअर्डशिप कौन्सिल) हिरवा शिक्का मत्स्यशेतीसाठी. ‘ऑरगॅनिक’ हा शब्द वाइल्ड माशावर दिसला तर सावध व्हावे. मोकळा मासा काय खातो यावर कोणाचेही नियंत्रण नसते, म्हणून युरोपात हे प्रमाणपत्र फक्त शेतीतल्या माशाला मिळते. आणि अमेरिकेत तर सागरी अन्नासाठी असे सरकारी मानकच नाही. ‘सुशी ग्रेड’, म्हणजे कच्चा खाण्याजोगा, या शब्दांनाही अमेरिकेत कायदेशीर व्याख्या नाही.

फसवणूक होते, हे मान्य करून चालावे. 2015 मध्ये ओशियाना या संस्थेने हंगामाबाहेर गोळा केलेल्या सॅमनच्या 82 नमुन्यांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली. त्यातले 43 टक्के नमुने चुकीच्या नावाने विकले गेले होते, आणि त्यांतले बहुसंख्य म्हणजे वाइल्ड म्हणून विकलेला शेतीतला अटलांटिक सॅमन. हंगाम लक्षात ठेवला तर यातले बरेच टळते. ताजा, न गोठवलेला वाइल्ड सॅमन मुख्यतः मे ते सप्टेंबर या काळात मिळतो. आग्नेय अलास्कात हिवाळ्यात गळाने पकडलेला थोडा किंग येतो, पण तो विरळा आणि महाग असतो. जानेवारीत ‘ताजा वाइल्ड’ अशी पाटी दिसली तर एकदा विचारावे: मासा कधी आणि कुठे पकडला? चांगला विक्रेता या प्रश्नाने नाराज होत नाही. एकदा मी हाच प्रश्न विचारला, तेव्हा काउंटरमागच्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले की मासा उन्हाळ्यात बोटीवरच गोठवलेला आहे आणि आज सकाळी वितळवला आहे. पाटीवर ते लिहायला हवे होते, हे खरे. पण मासा चांगला होता, आणि मी तो घेतला.

चौथी पायरी: मासा डोळ्यांनी, नाकाने आणि बोटाने तपासा

आता काउंटरवर दोन तुकड्या शेजारी ठेवल्या आहेत असे समजा. एक अटलांटिक सॅमनची, दुसरी सॉकायची. पहिलीच्या नारिंगी मांसात चरबीच्या जाड पांढऱ्या रेषा एकामागोमाग एक दिसतील आणि पोटाकडच्या कडेला त्या एकत्र होऊन पांढरा पट्टा झालेला असेल. दुसरीचे मांस विटेसारखे लाल असेल, रेषा केसासारख्या बारीक असतील आणि तुकडीची जाडी निम्मी भरेल. एकदा हे चित्र डोळ्यांत बसले की लेबल झाकले तरी चूक होत नाही.

मग ताजेपणा. मांसाच्या पाकळ्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असाव्यात. त्यांच्यामध्ये भेगा पडल्या असतील तर मासा उशिरा थंड केला गेला, हेळसांडीने हाताळला गेला किंवा शिळा झाला असे समजावे. कडा वाळून पिवळट किंवा तपकिरी झाल्या असतील तर तुकडी काउंटरवर बराच काळ पडून आहे. बोटाने दाबता येत असेल तर दाबलेली जागा लगेच वर आली पाहिजे. वास समुद्राचा, किंचित काकडीसारखा असावा. आंबट किंवा अमोनियासारखा वास आला तर दुसरा कोणताही गुण विचारात घेऊ नये. अख्खा मासा असेल तर डोळे फुगीर व नितळ, कल्ले लालभडक आणि कातडी ओलसर पाहावी. मांसात रक्ताचे काळपट डाग असतील तर मासा जाळ्यात आपटला आहे किंवा पकडल्यावर त्याचे रक्त नीट काढलेले नाही. गळाने एकेक करून पकडलेल्या आणि लगेच रक्त काढून बर्फात ठेवलेल्या माशात असे डाग क्वचित दिसतात, म्हणूनच त्याला जास्त भाव मिळतो.

गोठवलेल्या माशाविषयीचा आकस सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पकडल्यावर काही तासांत गोठवलेला मासा हा आठवडाभर बर्फावर प्रवास करून आलेल्या ‘ताज्या’ माशापेक्षा जवळजवळ नेहमीच सरस असतो. बंद पाकिटात बर्फाचे मोठे स्फटिक साचलेले नसावेत आणि मांसावर पांढरे, वाळलेले डाग नसावेत. ते असतील तर पाकीट मध्ये एकदा वितळून पुन्हा गोठले आहे किंवा फार जुने आहे.

कच्चा खायचा असेल तर गोठवणे हा सोय-गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. मोकळ्या सॅमनमध्ये ॲनिसॅकिससारखे परजीवी कृमी असू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार ते मारण्यासाठी मासा उणे 20 अंश सेल्सिअसला सात दिवस ठेवावा लागतो. घरातल्या साध्या फ्रीजरवर या कामासाठी विसंबू नये. विक्रेत्याकडूनच तसा गोठवलेला मासा घ्यावा. फक्त गोळीखाद्यावर वाढलेल्या शेतीतल्या सॅमनमध्ये हा धोका फार कमी असतो, आणि कच्च्या सॅमनची सुशी जगभर पसरली ती याच कारणाने. जपानमध्ये पूर्वी सॅमन शिजवूनच खाल्ला जाई. नॉर्वेच्या व्यापाऱ्यांनी 1980 च्या दशकात तिथे शेतीतला सॅमन कच्चा खाण्यासाठी म्हणून पुढे आणला.

कोणता भाग घ्यावा हे पदार्थावर ठरते. मधला जाड भाग एकसारखा शिजतो आणि नवख्याला तोच बरा. शेपटीकडचा भाग पातळ आणि स्वस्त असतो, पण त्यात बारीक काटे नसतात. पोटाचा भाग सर्वांत चरबीदार. मधल्या भागात मांसाच्या वरच्या अंगाला काट्यांची एक रांग असते. ती काढलेली आहे का ते बोट फिरवून पाहावे, नसेल तर चिमट्याने डोक्याच्या दिशेने ओढून काढावी. एका माणसाला 150 ते 180 ग्रॅम पुरतात.

पाचवी पायरी: धुरी दिलेला सॅमन

इथे नावांचा गोंधळ सर्वांत मोठा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्मोक्ड सॅमनचे मुळात दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कोल्ड स्मोक्ड म्हणजे मिठात मुरवून मग 30 अंशांखालच्या गार धुरात कित्येक तास ठेवलेला मासा. तो शिजलेला नसतो. त्याचे काप अर्धपारदर्शक, रेशमासारखे मऊ असतात. हॉट स्मोक्ड म्हणजे धुराबरोबर उष्णता देऊन आतपर्यंत शिजवलेला मासा. त्याच्या पाकळ्या काट्याने सुटतात आणि रंग फिका, अपारदर्शक असतो. पहिला थंडच खावा किंवा गरम पदार्थ आचेवरून उतरवल्यावर शेवटी घालावा. मी एकदा कोल्ड स्मोक्ड सॅमनचे काप दहा मिनिटे ओव्हनमध्ये ठेवले होते. हाती आल्या त्या खारट, चामड्यासारख्या पट्ट्या.

चांगल्या कारखान्यात काय होते ते पाहिले तर भावातला फरक समजतो. माशाच्या अख्ख्या बाजूवर कोरडे मीठ, कधी थोडी साखर, पसरून ती काही तास ते दिवसभर ठेवतात. मीठ आतले पाणी ओढून घेते. मग मासा धुऊन हवेत सुकवतात, तेव्हा पृष्ठभागावर एक चिकटसर, चमकदार पापुद्रा तयार होतो आणि धूर त्याच पापुद्र्याला धरून बसतो. तो नीट आला नाही तर धूर ओल्या पृष्ठभागावर कडवट थर देतो. त्यानंतर ओक, बीच किंवा आल्डरच्या भुशाचा धूर. या साऱ्यात माशाचे वजन दहाव्या हिश्शाने किंवा त्याहून जास्त घटते, आणि विकणाऱ्याचे नुकसान तिथेच होते. म्हणून काही उत्पादक कोरडे मीठ लावण्याऐवजी सुयांनी मिठाचे पाणी मांसात टोचतात. वजन घटत नाही, वेळ वाचतो, पण काप ओलसर आणि लिबलिबीत लागतात. पाकीट तिरके धरून पाहावे: आत पाणी साचून हलत असेल तर ते ठेवून द्यावे. थोडे तेल सुटलेले असेल तर हरकत नाही.

घटकांची यादी जितकी आखूड तितकी चांगली. सॅमन, मीठ, धूर, फार तर साखर. ‘स्मोक फ्लेवर’ असे लिहिले असेल तर खऱ्या धुराऐवजी किंवा धुराच्या जोडीला धुराचा अर्क वापरलेला आहे.

आणखी तीन नावे भेटतील. लॉक्स म्हणजे मुळात फक्त मिठाच्या पाण्यात मुरवलेली, धुरी न दिलेली पोटाची बाजू. एकोणिसाव्या शतकात प्रशांत किनाऱ्यावरचा सॅमन पिंपांत खारवून रेल्वेने पूर्वेकडे जाई, आणि न्यूयॉर्कच्या ज्यू स्थलांतरितांच्या ताटात तो याच रूपात पोहोचला. आज लॉक्स या नावाखाली बहुधा कोल्ड स्मोक्ड मासाच विकला जातो. नोव्हा हे कोल्ड स्मोक्ड सॅमनचेच नाव असून ते नोव्हा स्कोशियावरून पडले. ग्रावलॅक्स हा मीठ, साखर आणि शेपूसारख्या डिलच्या पानांत मुरवलेला स्कँडिनेव्हियन प्रकार असून त्याला धूर लागलेलाच नसतो. नावातल्या पहिल्या भागाचा अर्थ ‘पुरलेला’ असा आहे.

देशाच्या नावातही खोच असते. ‘स्मोक्ड स्कॉटिश सॅमन’ म्हणजे मासा स्कॉटलंडचा; ‘स्कॉटिश स्मोक्ड सॅमन’ म्हणजे धुरी स्कॉटलंडमध्ये दिलेली, मासा कदाचित दुसरीकडचा. शब्दांचा क्रम पाहावा आणि पाकिटाच्या मागे मूळ देश शोधावा.

वाइल्ड की शेतीतला हा प्रश्न इथे पुन्हा येतो, आणि माझे उत्तर अनेकांना रुचणार नाही. गार धुरीसाठी मला शेतीतला अटलांटिक सॅमन अधिक योग्य वाटतो, कारण त्याच्या चरबीमुळे काप मऊ राहतात आणि धूर जिभेवर रेंगाळतो. धुरी दिलेला सॉकाय चवीला तीव्र, घट्ट आणि जास्त खारट वाटतो. कोणाला तेच आवडेल.

सहावी पायरी: घरी आणल्यावर

ताजा मासा फ्रीजच्या सर्वांत गार भागात, शक्य असल्यास बर्फावर ठेवून दोन दिवसांत संपवावा. उणे 18 अंशांना दोन-तीन महिने ठीक राहतो. त्यापुढे चरबी खवट होऊ लागते. गोठवलेला मासा फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून वितळवावा, आणि हवाबंद पाकिटात असेल तर वितळवण्याआधी पाकिटाला छेद द्यावा किंवा मासा बाहेर काढावा. ही सूचना पाकिटांवर बारीक अक्षरांत असते आणि बहुतेक जण ती वाचत नाहीत, पण तिला ठोस कारण आहे: क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचा माशांत आढळणारा प्रकार प्राणवायू नसताना अगदी 3 ते 4 अंशांच्या थंडीतही वाढू शकतो आणि त्याचे विष जीवघेणे असते.

कोल्ड स्मोक्ड सॅमनमध्ये लिस्टेरिया जिवाणू असू शकतो, आणि तो फ्रीजच्या थंडीतही वाढतो. मीठ त्याला संथ करते, थांबवत नाही. गर्भवती स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी तो वाफाळेपर्यंत गरम केल्याशिवाय खाऊ नये. इतरांनीही पाकीट उघडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवावे.

शिजवताना अमेरिकी मार्गदर्शन 63 अंश आतल्या तापमानाचे आहे. बरेच आचारी अटलांटिक सॅमन 50-52 अंशांनाच उतरवतात, पण ती जोखीम ज्याची त्याने ठरवावी. शिजताना पृष्ठभागावर पांढरे गोळे येतात ते चरबीचे नसून गोठलेल्या प्रथिनाचे असतात; ते फार आले तर आच मोठी आहे असे समजावे.

पहिल्या खरेदीसाठी माझी सूचना अशी. गोठवलेल्या सॉकायची एक तुकडी, अटलांटिक सॅमनचा तेवढ्याच वजनाचा मधला भाग आणि कोल्ड स्मोक्ड सॅमनचे शंभर ग्रॅमचे पाकीट घ्यावे. पहिले दोन फक्त मीठ लावून एकाच तव्यावर कातडी खाली करून ठेवावेत. सॉकाय आधी उतरवावा, मधोमध अजून थोडा गडद दिसत असतानाच. अटलांटिक सॅमनला आणखी तीन-चार मिनिटे लागतील. तेवढ्यात स्मोक्ड सॅमनचे पाकीट उघडून पाच मिनिटे बाहेर ठेवावे, म्हणजे चरबी सैल होते आणि काप एकमेकांपासून न फाटता सुटतात.